जुन्या डॉस कॉम्प्युटरवर पडद्यावरची अक्षरे मोठी किंवा लहान करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि तासगाव भागातील काही पेढ्यांवर व अडत दुकानांत अजूनही डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, टाइप केलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या प्रणालीवर, चालणारे हिशेबाचे प्रोग्रॅम वापरात आहेत. प्रोग्रॅम जुना असला तरी शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब, चोख निघते, त्यामुळे तो बदलण्याची कुणालाच घाई नसते; मात्र त्यासमोर बसणाऱ्या दिवाणजींचे वय वाढत गेले आणि पडद्यावरचे अक्षर होते तेवढेच राहिले. त्यातून जे प्रश्न आमच्याकडे येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करून शेवटी एंटर दाबावे. अक्षरे लहान लिपीतली की कॅपिटल, याने डॉसला फरक पडत नाही. एकच अपवाद आहे, तो रंगांच्या प्रश्नात येईल.

विंडोजमध्ये अक्षराचा आकार निवडता येतो, तशी सोय डॉसमध्ये कुठे आहे?

तशी वेगळी सोय डॉसमध्ये नाही, आणि हे एकदा लक्षात आले की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. डॉसचा पडदा चौकटींच्या वहीसारखा असतो : ८० उभे रकाने आणि २५ आडव्या ओळी, म्हणजे एकूण २००० चौकटी, आणि एका चौकटीत एकच अक्षर. व्हीजीए या प्रकारच्या डिस्प्ले कार्डावर (पडद्याकडे चित्र पाठवणाऱ्या कार्डावर) हा पडदा ७२० बाय ४०० ठिपक्यांचा असतो. ७२० ला ८० ने भागले की ९ आणि ४०० ला २५ ने भागले की १६, म्हणून प्रत्येक अक्षराला ९ बाय १६ ठिपक्यांची जागा मिळते. अक्षर मोठे करायचे तर चौकटींची संख्या कमी करावी लागते, आणि चौकटी वाढवल्या की अक्षर बारीक होते. त्यामुळे ‘अक्षर किती मोठे हवे’ यापेक्षा ‘किती रकाने सोडून देणे परवडेल’ हा विचार आधी करावा. याला एक पळवाट आहे, ती म्हणजे मोठा मॉनिटर. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

आमच्या मशीनमध्ये कोणते डिस्प्ले कार्ड आहे, हे कसे ओळखावे?

मॉनिटरची केबल जेथे लागते, ते मागचे सॉकेट पाहावे. तीन रांगांत १५ छिद्रे असतील तर कार्ड व्हीजीए किंवा त्यानंतरचे आहे. दोन रांगांत ९ छिद्रे असतील तर ते एमडीए, हर्क्युलीस, सीजीए किंवा ईजीए यांपैकी एक आहे. आयबीएमने १९८१ साली पीसी आणला तेव्हा त्याबरोबर एमडीए आणि सीजीए ही दोन कार्डे होती; हर्क्युलीस १९८२ साली, ईजीए १९८४ साली आणि व्हीजीए १९८७ साली आले. हिरव्या किंवा नारिंगी अक्षरांचा एकरंगी मॉनिटर असेल तर कार्ड बहुधा हर्क्युलीस जातीचे असते. डॉसची सहावी आवृत्ती असल्यास एमएसडी असे टाइप करावे. जो तपासणी प्रोग्रॅम उघडतो त्यात ‘व्हिडिओ’ या शब्दापुढे कार्डाचा प्रकार लिहिलेला असतो.

नऊ छिद्रांची सॉकेटे दिसायला सारखी असली तरी एका प्रकारच्या कार्डाचा मॉनिटर दुसऱ्या प्रकारच्या कार्डाला लावून पाहू नये. दोन्हींचे सिग्नल वेगळ्या गतीचे असतात आणि जुना एकरंगी मॉनिटर त्यात कायमचा बिघडू शकतो.

अक्षरे दुप्पट मोठी करण्याची सर्वांत सोपी आज्ञा कोणती?

मोड सीओ४०. म्हणजे एम-ओ-डी-ई, मग स्पेस, मग सी-ओ आणि त्याला जोडून ४०. एंटर दाबताच पडदा पुसला जातो आणि ८० ऐवजी ४० रकाने होतात. ओळी २५ च राहतात, त्यामुळे अक्षराची उंची तेवढीच राहून रुंदी मात्र दुप्पट होते. पूर्ववत करण्यासाठी मोड सीओ८० टाइप करावे.

या आज्ञेसाठी वेगळे काही बसवावे लागत नाही. ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’ असा संदेश आला तर मोड ही फाइल डॉसला सापडलेली नाही असे समजावे. ती साधारणपणे सी ड्राइव्हवरील डॉस नावाच्या डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) असते. सीडी, मग स्पेस, मग उलटी तिरपी रेघ आणि त्यापुढे डॉस असे टाइप करून त्या डिरेक्टरीत जावे आणि तेथून आज्ञा द्यावी. एमडीए आणि हर्क्युलीस कार्डांवर ४० रकान्यांची सोयच नाही, तेथे ही आज्ञा उपयोगाची नाही.

४० रकाने केल्यावर हिशेबाचा प्रोग्रॅम पूर्ण विस्कटतो. असे का होते?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून थोडे खोलात जाऊन सांगतो. डॉसवरचे बरेच प्रोग्रॅम अक्षरे डॉसमार्फत न पाठवता थेट डिस्प्ले कार्डाच्या मेमरीत लिहितात, कारण त्या काळच्या संथ मशीनवर तेवढाच वेळ वाचत असे. या मेमरीत प्रत्येक चौकटीसाठी दोन बाइट असतात, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. त्यामुळे ८० रकान्यांची एक ओळ १६० बाइटांची आणि पूर्ण पडदा ४००० बाइटांचा होतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हा हिशेब गृहीत धरलेला असतो. कार्ड ४० रकान्यांवर गेले की त्याची ओळ ८० बाइटांची होते, प्रोग्रॅमला मात्र याचा पत्ता नसतो आणि तो १६० च्याच हिशेबाने लिहीत राहतो.

हळदीच्या सौद्याची पट्टी उघडली असेल तर याचा परिणाम स्पष्ट दिसतो. शेतकऱ्याचे नाव, पोती आणि वजन एका ओळीत येतात. दर, रक्कम, हमाली आणि तोलाई पुढच्या ओळीत घसरतात, आणि चौकटीच्या उभ्या रेघा एकाआड एका ओळीत तुटक दिसतात. त्याहून वाईट गोष्ट अशी की, पडद्यावर फक्त पहिले २००० बाइट दिसतात. म्हणजे प्रोग्रॅमच्या २५ ओळींपैकी वरच्या साडेबाराच दिसतात आणि ‘निव्वळ देणे’ ही तळाची ओळ पडद्यावर येतच नाही. आकडे चुकलेले नसतात, फाइललाही धक्का लागलेला नसतो. पण अर्धी पट्टी डोळ्यांआड ठेवून नोंदी करणे धोक्याचे आहे. प्रोग्रॅममधून बाहेर पडून मोड सीओ८० द्यावे आणि मगच पुन्हा काम सुरू करावे.

काही प्रोग्रॅम सुरू होताना स्वतःच ८० रकाने मागून घेतात, त्यामुळे तुम्ही आधी दिलेली आज्ञा तेथे फुकट जाते. एकूण पाहता, ४० रकान्यांचा उपयोग डॉसच्या प्रॉम्प्टवर (जेथे आज्ञा टाइप करतो तेथे) फाइलींची यादी पाहणे, एखादी साधी मजकुराची फाइल वाचणे एवढ्यापुरताच आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रोजच्या हिशेबासाठी तो मार्ग धरू नये.

मग दिवाणजींना नीट दिसावे यासाठी करायचे तरी काय?

मॉनिटर बदलावा. रकान्यांची संख्या न घटवता अक्षर मोठे करण्याचा हा एकच खात्रीचा उपाय आहे, आणि कार्ड व्हीजीए असेल तर त्यासाठी कॉम्प्युटरमध्ये काहीही बदलावे लागत नाही. १४ इंची जुन्या काचेच्या मॉनिटरवर प्रत्यक्ष चित्र सुमारे २६ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंच असते, म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला साधारण ३.३ मिलिमीटर रुंदी आणि ८ मिलिमीटर उंची येते. त्याच सॉकेटला १९ इंची, चौकोनी घाटाचा एलसीडी मॉनिटर लावला की चित्राची रुंदी सुमारे ३७.५ आणि उंची ३० सेंटिमीटर होते, आणि अक्षराला ४.७ मिलिमीटर रुंदी व १२ मिलिमीटर उंची मिळते. म्हणजे अक्षर सुमारे दीडपट होते आणि पट्टीचा एकही रकाना जागचा हलत नाही.

असे चौकोनी मॉनिटर आता नवे क्वचितच मिळतात, पण जुन्या सामानाच्या दुकानांत अजून पडून असतात. घेताना मागे १५ खुंट्यांची व्हीजीए केबल लागते का, एवढे आवर्जून पाहावे, कारण अलीकडच्या अनेक मॉनिटरांवर ती जागाच नसते. रुंद घाटाचा मॉनिटरही चालतो. त्यावर अक्षरे आडवी ताणलेली दिसतात, पण वाचायला त्याचा त्रास होत नाही, उलट काही ज्येष्ठ मंडळींना तीच बरी वाटतात.

एलसीडी लावल्यापासून अक्षरे मोठी झाली, पण पुसट आणि कमी-जास्त जाडीची दिसतात.

मॉनिटरच्या स्वतःच्या ठिपक्यांची संख्या ठरलेली असते, १९ इंची चौकोनी मॉनिटरवर ती १२८० बाय १०२४ असते. त्यावर ७२० बाय ४०० चे चित्र ताणून बसवावे लागते. १२८० ला ७२० ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे अक्षराची एक उभी रेघ एका ठिपक्याची तर शेजारची दोन ठिपक्यांची होते. शिवाय टेक्स्ट मोडचे (नुसती अक्षरे दाखवण्याच्या पद्धतीचे) ७२० ठिपके आणि ग्राफिक्सचे ६४० ठिपके यांच्या सिग्नलची गती एकच असल्याने काही मॉनिटर गोंधळतात आणि ७२० चे चित्र ६४० चे समजून दाखवतात. मग अक्षरांच्या काही उभ्या रेघाच गळतात.

मॉनिटरवरील ‘ऑटो’ हे बटण पडदा अक्षरांनी भरलेला असताना दाबावे, रिकाम्या काळ्या पडद्यावर दाबले तर मॉनिटरला कडा सापडत नाहीत. त्याने भागले नाही तर मेनूमध्ये जाऊन ‘क्लॉक’ आणि ‘फेज’ हाताने थोडे थोडे बदलून पाहावे. तरीही थोडा पुसटपणा राहतोच.

कुणीतरी काहीतरी दाबले आणि अक्षरे एकदम बुटकी झाली. आता पडद्यावर दुप्पट ओळी दिसतात.

ओळींची संख्या ५० झालेली आहे. व्हीजीए कार्डाजवळ १६ ठिपके उंचीच्या अक्षरांबरोबर ८ ठिपके उंचीचा संचही असतो, आणि तो वापरला की ४०० ठिपक्यांत ५० ओळी बसतात. ईजीएवर पडद्याची उंची ३५० ठिपके असल्याने त्याच संचाच्या ४३ ओळी होतात. रुंदी बदलत नाही, म्हणून अक्षरे चेपल्यासारखी दिसतात.

प्रॉम्प्टवर मोड कॉन लाइन्स=२५ ही आज्ञा द्यावी. ‘कॉन’ हे सी-ओ-एन असे लिहावे. कोणताच उपाय लागू पडला नाही तर मशीन बंद करून पुन्हा सुरू केले तरी २५ ओळी परत येतात, अर्थात मशीन सुरू होताना चालणाऱ्या फाइलींत कुणी ५० ओळींची आज्ञा घालून ठेवली नसेल तर. फक्त एडिट हा संपादक उघडल्यावरच अक्षरे बारीक दिसत असतील, तर तो तिरपी रेघ आणि एच जोडून उघडला जातो आहे का, हे पाहावे. ती जोड कार्डाला शक्य तितक्या जास्तीत जास्त ओळी मागते. फॉक्सप्रो या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेल्या प्रोग्रॅममध्ये ‘सेट डिस्प्ले टू’ या आज्ञेपुढे व्हीजीए५० लिहिलेले असेल तर तेथे व्हीजीए२५ करावे लागते, आणि ते काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडूनच करून घ्यावे.

ओळी बदलताना ‘ॲन्सी डॉट सिस मस्ट बी इन्स्टॉल्ड’ असा संदेश येतो.

४० आणि ८० रकान्यांची आज्ञा कार्डाकडे थेट पोहोचते, पण ओळींची संख्या बदलण्यासाठी मोडला ॲन्सी डॉट सिस या ड्रायव्हरची (पडदा हाताळणाऱ्या सहायक प्रोग्रॅमची) मदत लागते. मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग डॉट सिस या फाइलमध्ये एक ओळ वाढवावी : डिव्हाइस, मग बरोबरचे चिन्ह, मग सी, अपूर्णविराम, उलटी तिरपी रेघ, डॉस, उलटी तिरपी रेघ, ॲन्सी डॉट सिस. मशीनवर विंडोज ९८ असेल तर ही फाइल डॉस डिरेक्टरीत नसून विंडोज डिरेक्टरीतील कमांड या उपडिरेक्टरीत असते, त्याप्रमाणे मार्ग लिहावा. फाइल जतन करून मशीन पुन्हा सुरू केल्यावरच ड्रायव्हर लागू होतो.

बदल करण्यापूर्वी कॉन्फिग डॉट सिसची एक प्रत वेगळ्या नावाने काढून ठेवावी. यात हयगय करू नये. या फाइलमधली एक ओळ चुकून पुसली गेली तर हिशेबाच्या प्रोग्रॅमला मेमरी कमी पडते आणि तो भलत्याच चुका दाखवू लागतो.

बदल केल्यावर मशीन सुरूच होत नाही.

डॉसच्या सहाव्या आवृत्तीत ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ ही ओळ दिसताच एफ५ दाबावे; कॉन्फिग डॉट सिस आणि ऑटोएक्झेक डॉट बॅट या सुरुवातीच्या दोन्ही फाइली वगळून मशीन प्रॉम्प्टवर येते. एफ८ दाबले तर प्रत्येक ओळ विचारून विचारून चालवली जाते आणि चूक कोणत्या ओळीत आहे ते कळते. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत ही सोय नाही, तेथे डॉसची फ्लॉपी घालून मशीन सुरू करावी लागते.

अक्षराचा आकार तोच ठेवून ते जास्त ठळक करता येईल का?

येईल, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. डॉसचा नेहमीचा रंग काळ्यावर फिकट राखाडी असतो. त्याऐवजी निळ्यावर शुभ्र पांढरा केला तर डोळ्यांना बराच आराम मिळतो. ॲन्सी डॉट सिस बसवलेले असताना पुढील आज्ञा द्यावी : प्रॉम्प्ट, स्पेस, डॉलर चिन्ह, ई, डावा चौकोनी कंस, १, अर्धविराम, ३७, अर्धविराम, ४४, एम, डॉलर चिन्ह, पी, डॉलर चिन्ह, जी. यात १ म्हणजे उजळ, ३७ म्हणजे पांढरे अक्षर आणि ४४ म्हणजे निळी पार्श्वभूमी. यातला एम मात्र लहान लिपीतलाच हवा. सुरुवातीला सांगितलेला अपवाद तो हाच. त्यानंतर सीएलएस दिले की पूर्ण पडदा नव्या रंगात येतो. हीच ओळ ऑटोएक्झेक डॉट बॅट या फाइलच्या शेवटी लिहिली तर दररोज आपोआप लागू होते.

हिशेबाचे प्रोग्रॅम स्वतःचे रंग वापरतात, त्यांच्यावर याचा परिणाम होत नाही. तेथे प्रोग्रॅमच्याच मेनूत रंग बदलण्याची सोय आहे का ते पाहावे.

काचेच्या जुन्या मॉनिटरवर चित्राभोवती काळी पट्टी राहते. ती जागा वापरता येईल का?

पुढच्या किंवा मागच्या बाजूला उंची आणि रुंदीची फिरकी असेल तर जरूर वापरावी. चित्र कडेपर्यंत आणले की अक्षर किंचित का होईना, वाढते. मात्र पहिली व शेवटची ओळ कडेखाली दबू देऊ नये. अक्षरे धूसर झाली असतील तर फोकस बदलावा लागतो आणि ती फिरकी बहुतेक मॉनिटरांत आतल्या बाजूला असते. मॉनिटर स्वतः उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही आतील भागात हजारो व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो.

आमचा प्रोग्रॅम विंडोज ९८ मध्ये छोट्या खिडकीत उघडतो.

ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबले की तो पूर्ण पडदाभर होतो. खिडकीतच ठेवायचा असेल तर खिडकीच्या वरच्या पट्टीत डावीकडे आकडे असलेली एक यादी असते, त्यातून १० बाय १८ सारखा मोठा आकार निवडावा. येथे ८० रकाने तसेच राहून खिडकीच मोठी होते, त्यामुळे पट्टी विस्कटण्याचा प्रश्न येत नाही.

नव्या कॉम्प्युटरवर डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) वापरून जुना प्रोग्रॅम चालवणाऱ्यांनाही ऑल्ट आणि एंटर हेच उपयोगी पडते. खिडकीचा आकार ठरवायचा असेल तर त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘विंडोरिझोल्यूशन’ बदलावे लागते, पण ‘आउटपुट’पुढे ‘सरफेस’ लिहिलेले असेल तर तो बदल मानला जात नाही. तेथे ‘ओपनजीएल’ करावे.

मराठी अक्षरे दाखवणारे कार्ड बसवलेले आहे. त्यालाही हेच लागू होते का?

नाही. डॉसच्या साध्या चौकटीत वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे नीट बसत नाहीत, म्हणून देवनागरीसाठी पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे जिस्ट कार्ड वापरले जाई. अशा मशीनवर अक्षरे काढण्याचे काम ते कार्ड करते. तेथे मोडच्या आज्ञा देऊन पाहू नयेत. कार्डाबरोबर आलेल्या प्रोग्रॅममधील सोयीच वापराव्यात. मोठा मॉनिटर लावण्याचा उपाय मात्र येथेही विचारात घेण्यासारखा आहे, फक्त केबल कोणत्या सॉकेटला लागते ते आधी पाहावे.

पडद्यावरची अक्षरे मोठी केली तर छापील पट्टीवरही मोठी येतील का?

येणार नाहीत. पडदा आणि प्रिंटर यांचा आकाराच्या बाबतीत एकमेकांशी संबंध नाही. गोंधळ होतो तो दोन्हींसाठी मोड हीच आज्ञा असल्यामुळे. मोड एलपीटी१, अपूर्णविराम, १३२, स्वल्पविराम, ८ असे दिले तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एका ओळीत १३२ अक्षरे आणि एका इंचात ८ ओळी छापतो, म्हणजे अक्षरे बारीक आणि दाट येतात. १३२ च्या जागी ८० आणि ८ च्या जागी ६ दिले की नेहमीचे, वाचायला सोपे अक्षर परत येते. ११ इंची सलग कागदावर ६ च्या हिशेबाने ६६ ओळी बसतात आणि बहुतेक पट्ट्या तेवढ्याच मापाने बेतलेल्या असतात. म्हणून ८ करून कागद वाचवायला गेले तर पुढची पट्टी कागदाच्या भलत्याच ठिकाणी सुरू होते. पट्टीवरचे अक्षर अचानक बारीक झाले असेल तर प्रथम प्रिंटर बंद करून सुरू करावा, आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावर परत तसेच आले तर ऑटोएक्झेक डॉट बॅटमध्ये अशी एखादी ओळ राहून गेली आहे का ते तपासावे.